गॅस स्वस्त असताना ऊर्जाबचतीचे मोल

ऊर्जा कार्यक्षमता म्हणजे तेच काम कमी इंधनात करून घेणे. घर पूर्वीइतकेच उबदार राहते, पाणी तितकेच तापते, कारखान्यातून माल तितकाच बाहेर पडतो. फक्त त्यासाठी जळणारे इंधन कमी होते. न जळलेल्या इंधनाची किंमत हेच या बचतीचे मोल, असे वरवर पाहता वाटते. तसे असेल तर इंधन स्वस्त झाले की बचतीचे मोलही त्याच प्रमाणात उतरायला हवे. अमेरिकेत २००८ नंतर नैसर्गिक वायूचे भाव कोसळले आणि हा हिशेब गॅस व वीज कंपन्यांना, राज्यांच्या नियामक आयोगांना आणि घरमालकांनाही नव्याने मांडावा लागला. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. गॅसचा बाजारभाव हा बचतीच्या मोलाचा एक घटक आहे, सगळे मोल नव्हे. आणि बचतीची साधने ज्या मुदतीसाठी बसवली जातात, ती मुदत कोणत्याही भावाच्या टिकाऊपणापेक्षा मोठी असते.

अमेरिकेतील गॅसचा प्रमाण भाव लुइझियाना राज्यातील एरथ या गावाजवळ, हेन्री हब येथे ठरतो. अनेक पाइपलाइन तिथे एकत्र येतात आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातील सौद्यांत १९९० पासून गॅस पोचता करण्याचे ठिकाण तेच धरले जाते. भाव दर दहा लाख बीटीयूला सांगतात. बीटीयू हे उष्णतेचे एकक असून दहा लाख बीटीयू म्हणजे साधारण २७ घनमीटर गॅस. या मापाने वर्षाचा सरासरी भाव २००८ मध्ये ८.८६ डॉलर होता. २०१२ मध्ये तो २.७५ डॉलरवर आणि २०१६ मध्ये २.५२ डॉलरवर उतरला. आठ वर्षांत भाव एकतृतीयांशाहूनही खाली गेला.

ही घसरण घडवली शेल खडकाने. या खडकात गॅस भरपूर असतो, पण त्याची छिद्रे इतकी बारीक असतात की साध्या विहिरीतून तो बाहेर येत नाही. टेक्सासमधील बार्नेट शेल या थरात जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने अनेक वर्षे प्रयोग केले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडकाला तडे पाडण्याची किफायतशीर रीत त्यांच्या हाती लागली. तिला आडव्या विहिरींची जोड मिळाल्यावर पेनसिल्व्हेनियातील मार्सेलससारखे विस्तीर्ण थर उत्पादनाखाली आले. परिणाम वीजक्षेत्रात सर्वांत ठळक दिसला. २००५ च्या सुमारास अमेरिकेतील जवळपास निम्मी वीज कोळशावर तयार होत होती. २०२० मध्ये कोळशाचा वाटा पाचव्या हिश्शापर्यंत घसरला आणि गॅसचा चाळीस टक्क्यांपर्यंत गेला.

गॅसची स्वस्ताई अमेरिकेने पूर्वीही पाहिली होती, मात्र ती सरकारी होती. १९५४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर राज्याराज्यांत विकल्या जाणाऱ्या गॅसचा विहिरीवरचा भाव केंद्र सरकार ठरवू लागले आणि तो खालीच ठेवला गेला. स्वस्त गॅसवर घरे आणि कारखाने वाढत गेले, पण नव्या विहिरी खोदण्यात कोणाला रस उरला नाही. १९७६–७७ च्या कडक हिवाळ्यात तुटवडा एवढा झाला की अनेक राज्यांत शाळा आणि कारखाने बंद ठेवावे लागले. १९७८ च्या कायद्याने भाव टप्प्याटप्प्याने मोकळे करायला सुरुवात झाली. त्याच वर्षी नव्या वीज केंद्रांत गॅस जाळण्यावर बंदी घालणारा कायदाही झाला. तो १९८७ मध्ये रद्द करावा लागला. तोपर्यंत गॅस पुन्हा मुबलक झाला होता. मात्र स्वस्ताईच्या वर्षांत उष्णतारोधक थर न घालता बांधलेली घरे पुढची अनेक दशके तशीच राहिली.

ऊर्जा कार्यक्षमतेला सार्वजनिक धोरणाचे रूप आले ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. कॅलिफोर्नियाने १९७४ च्या कायद्याने स्वतंत्र ऊर्जा आयोग नेमला आणि उपकरणांसाठी व इमारतींसाठी किमान मानके लागू केली. या कामामागे आर्थर रोझेनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. रेफ्रिजरेटर हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील नवा रेफ्रिजरेटर वर्षाला सुमारे १,८०० युनिट वीज खात असे. २००१ च्या मानकानंतर तोच आकडा सुमारे ५०० युनिटवर आला, आणि दरम्यान फ्रिजचा आकार मात्र वाढलेला होता. मानकांच्या जोडीला कंपन्यांचे बचत-कार्यक्रम आले. जास्त विक्री झाली तरच जास्त कमाई, ही कंपन्यांची अडचण ओळखून कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये गॅस कंपन्यांचे आणि १९८२ मध्ये वीज कंपन्यांचे उत्पन्न विक्रीच्या प्रमाणापासून वेगळे केले. १९८३ मध्ये राज्याने बचतीचा फायदा-तोटा तपासण्याची नियमावली काढली. पुढे इतर राज्यांनीही तिचीच चौकट वापरली.

स्वस्त गॅसने या चौकटीला काय केले, हे एका घराच्या हिशेबातून समजते. थंड प्रदेशातल्या एखाद्या घराला हिवाळाभर ८ कोटी बीटीयू उष्णता लागते असे धरू. घर तापवणारी साधी गॅसभट्टी इंधनातील ८० टक्के उष्णता घरात पोचवते, उरलेली धुराड्यातून जाते. धुरातल्या वाफेचे पाणी करून तिचीही उष्णता काढून घेणारी भट्टी ९५ टक्के उष्णता वापरते. पहिलीला वर्षाला १० कोटी बीटीयू गॅस लागेल, दुसरीला सुमारे ८ कोटी ४० लाख. बचत १ कोटी ६० लाख बीटीयूची. हेन्री हबच्या भावाने तिची किंमत २००८ मध्ये सुमारे १४० डॉलर होते, २०१६ मध्ये अवघी ४० डॉलर. चांगल्या भट्टीसाठी १,५०० डॉलर जास्त मोजावे लागले असे मानले, तर पहिल्या भावाने ते अकरा वर्षांत वसूल होतात आणि दुसऱ्या भावाने सदतीस वर्षांत. भट्टीचे आयुष्यच पंधरा-वीस वर्षांचे. म्हणजे हा सौदा फसला.

पण घरमालक हेन्री हबवर गॅस विकत घेत नाही. अमेरिकेतील घरगुती ग्राहकाला एक हजार घनफूट गॅस, म्हणजे दहा लाख बीटीयूहून किंचित जास्त, २००८ मध्ये सरासरी १३.८९ डॉलरला पडत होता आणि २०१६ मध्ये १०.०५ डॉलरला. घाऊक भाव सत्तर टक्क्यांनी पडला, पण घरगुती दर तीस टक्केही उतरला नाही. बिलात गॅसच्या किमतीखेरीज लांब पल्ल्याच्या पाइपलाइनचे भाडे, साठवण, शहरातील नळ्यांचे जाळे, मीटर आणि कंपनीचा परतावा हे सगळे असते आणि ते शेलमुळे स्वस्त झालेले नव्हते. या दराने त्याच भट्टीची वार्षिक बचत साधारण २१० डॉलरवरून १५५ डॉलरवर येते आणि जादा खर्च सात वर्षांऐवजी दहा वर्षांत निघतो. सौदा थोडा महागतो, फसत नाही.

या दोन उत्तरांपैकी कोणते खरे, हा वादाचा गाभा आहे. घाऊक भाव बचतीचे मोल कमी दाखवतो, कारण गॅस घरापर्यंत आणण्याचा खर्च तो धरत नाही. किरकोळ दर ते जास्त दाखवतो, कारण जमिनीत पुरलेल्या नळीचा खर्च एका घराने गॅस कमी जाळला म्हणून कमी होत नाही. तो इतरांच्या बिलात सरकतो. समाजाच्या दृष्टीने खरे मोल म्हणजे ‘टाळलेला खर्च’: बचत झाल्यामुळे जो खर्च पुढे कधीच करावा लागणार नाही, तो सगळा. त्यात गॅस येतो, आणि वाढत्या मागणीसाठी जी नवी पाइपलाइन, साठवण किंवा वीज केंद्र उभारावे लागले असते त्याचा वाटाही येतो.

नियामक आयोगांपुढे हा प्रश्न २०१२ च्या सुमारास आला. वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि आयडाहो या वायव्येकडील राज्यांत गॅसबचतीचे अनेक कार्यक्रम फायदा-तोट्याच्या कसोटीला उतरेनासे झाले. अमेरिकन कौन्सिल फॉर ॲन एनर्जी-एफिशियंट इकॉनॉमी या संस्थेने २०१४ मध्ये केलेल्या पाहणीत एक थर्म, म्हणजे एक लाख बीटीयू, गॅस वाचवण्यासाठी कंपन्यांना सरासरी ३५ सेंट खर्च येत असल्याचे आढळले. हेन्री हबवर थर्मचा भाव २५ ते २८ सेंट असताना हा खर्च महाग ठरतो. घरगुती दर सुमारे एक डॉलर असताना तोच स्वस्त ठरतो. निकाल कसोटीच्या निवडीवरही अवलंबून होता. कंपनीचा खर्च आणि कंपनीचा फायदा एवढेच तोलणारी कसोटी एक, आणि ग्राहकाने पदरचे घातलेले पैसेही खर्चात धरणारी दुसरी. दुसऱ्या कसोटीत एक असमतोल आहे. ग्राहकाचा खर्च ती पूर्ण मोजते, पण कमी झालेली ओल, बुजलेली फट, शांत झोप, लांबलेले उपकरणाचे आयुष्य असे त्याला मिळालेले फायदे बहुधा मोजत नाही. भाव चढे असताना हा दोष झाकलेला होता, भाव पडल्यावर तो उघडा पडला.

विजेच्या बाबतीत हिशेब आणखी एक पायरी पुढे जातो. आधुनिक संयुक्त चक्र वीज केंद्रात गॅस टर्बाइनच्या धुरातील उष्णतेने वाफ करून दुसरे टर्बाइन चालवतात. अशा केंद्राला एका युनिटसाठी साधारण ७,००० बीटीयू गॅस लागतो. २००८ च्या भावाने एका युनिटचे इंधन ६.२ सेंटचे होते, २०१६ च्या भावाने १.८ सेंटचे. वरच्याच पाहणीनुसार वीजबचतीचा सरासरी खर्च युनिटमागे २.८ सेंट होता. केवळ २०१६ च्या इंधनखर्चाशी तुलना केली तर बचत हरते. मात्र नवे केंद्र बांधून वीज पुरवण्याच्या तुलनेत तोच खर्च निम्मा ते एकतृतीयांश भरत होता. जुने केंद्र रिकामे असेल, तर तुलना इंधनाशी करावी. मागणी वाढते आहे आणि नवी क्षमता लागणारच आहे, तर तुलना पूर्ण खर्चाशी करावी. कोणत्या जागेचा आणि कोणत्या काळाचा हिशेब करतो आहोत, याचे उत्तर दिल्याशिवाय बचतीचे मोल सांगता येत नाही.

मोलाचा मोठा भाग मागणीच्या शिखरावर असतो. तारांमधील वीजगळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सर्वांत तापलेल्या दुपारी वाचवलेले युनिट मध्यरात्रीच्या युनिटापेक्षा जास्त किमतीचे ठरते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन आणि क्वीन्स भागांत नवे उपकेंद्र उभारायला सुमारे एक अब्ज डॉलर लागणार होते. कॉन एडिसन कंपनीने २०१४ मध्ये नियामकांच्या मंजुरीने २० कोटी डॉलरचा मागणी-नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला आणि दिवे, मोटारी, वातानुकूलन यांतील बचतीतून तो खर्च पुढे ढकलला. गॅसच्या नळ्यांनाही हाच न्याय लागू आहे. मार्सेलसचे गॅसक्षेत्र न्यू इंग्लंडपासून फार दूर नाही, पण मधल्या पाइपलाइनची क्षमता मर्यादित आहे. जानेवारी २०१४ मध्ये हेन्री हबवर गॅस पाच डॉलरच्या आत असताना बॉस्टनच्या वेशीवर भाव २० डॉलरच्या वर गेला होता. २०१९ मध्ये कॉन एडिसनने न्यूयॉर्कलगतच्या वेस्टचेस्टर परगण्याच्या बऱ्याचशा भागात नव्या गॅसजोडण्या देणेच थांबवले. गॅस देशात मुबलक होता, तो आणणारी नळी भरलेली होती.

काळाचा घटक याहूनही महत्त्वाचा आहे. गॅसचे चक्र लासलगावच्या कांद्यासारखे चालते: भाव पडले की पुढच्या हंगामात लागवड घटते, आणि मग तुटवड्यात भाव उसळतात. त्यामुळे अंदाजही फसतात. सेबिन पास हे लुइझियानातील टर्मिनल २००८ मध्ये परदेशी द्रवरूप गॅस आयात करण्यासाठी सुरू झाले, कारण देशातील गॅस संपत चालला आहे असे तेव्हाचे जाणकार सांगत होते. आठ वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, त्याच टर्मिनलवरून अमेरिकी गॅसची निर्यात सुरू झाली. निर्यात वाढली तसा देशातील भाव जगाच्या भावाशी जोडला गेला. २०२० मध्ये हेन्री हबची सरासरी २.०३ डॉलर होती. युक्रेन युद्धाच्या वर्षी, २०२२ मध्ये, ती ६.४५ डॉलर झाली आणि पुढच्याच वर्षी २.५३ वर परत आली. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळाने विहिरी, नळ्या आणि वीज केंद्रे गोठली. १७ फेब्रुवारीला हेन्री हबवरचा भाव २३.८६ डॉलरला पोचला आणि राज्यात ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली. उष्णतारोधक थर असलेले घर अशा वेळी वीज नसतानाही काही तास ऊब धरून ठेवते. वीस वर्षांच्या साधनाचा हिशेब एका वर्षाच्या भावाने करणे किती चुकीचे आहे, हे या चढउतारांवरून दिसते. बचतीवर घातलेला पैसा एकदाच ठरतो आणि पुढे बदलत नाही. भावाच्या धोक्याविरुद्ध तो विम्याचे काम करतो.

बचतीचा एक फायदा बचत न करणाऱ्यांनाही होतो. पुरवठा ताणलेला असताना मागणीत थोडी घट झाली, तरी बाजारातील भाव सगळ्यांसाठीच उतरतो. न्यू इंग्लंडमधील राज्ये टाळलेल्या खर्चाच्या अधिकृत अभ्यासात हा परिणाम स्वतंत्रपणे मोजतात. अर्थात यात उत्पादकाचा तोटा हाच ग्राहकाचा नफा असतो. म्हणून ही समाजाची निव्वळ कमाई मानावी की नुसती अदलाबदल, याबद्दल अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत.

बाजारभावात न दिसणारा आणखी एक खर्च हवामानाचा. नव्या केंद्रात गॅसवर तयार झालेल्या एका युनिटमागे साधारण ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, कोळशावरच्या युनिटमागे सुमारे एक किलो. त्यामुळे कोळशाच्या जागी गॅस आल्याने उत्सर्जन घटले, हे खरे. मात्र जळण्याआधी गळणारा गॅस हा मिथेन असतो आणि वीस वर्षांच्या मुदतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक उष्णता अडवतो. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासाने अमेरिकेतील गळतीचे प्रमाण उत्पादनाच्या २.३ टक्के ठरवले. लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यन साठ्यातून ऑक्टोबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात एका विहिरीतून सुमारे एक लाख टन मिथेन निसटला. न वापरलेल्या गॅसला ना विहीर लागते ना नळी, त्यामुळे बचत ज्वलन आणि गळती दोन्ही टाळते.

बचतीच्या बाजूने केलेले सगळेच दावे मात्र टिकत नाहीत. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरीन वोलफ्रम यांनी मिशिगनमधील सुमारे ३० हजार कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरांना उष्णतारोधक थर देण्याच्या सरकारी योजनेत अभियंत्यांचा अंदाज प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहून अधिक निघाला आणि योजनेचा खर्च वाचलेल्या ऊर्जेच्या किमतीच्या जवळपास दुप्पट भरला. गॅसचा कमी भाव हे त्याचे एक कारण, फुगवलेले अंदाज हे दुसरे. शिवाय खर्च कमी झाला की वापर थोडा वाढतो. कोळशाबद्दल विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये हे निरीक्षण नोंदवले होते. घर तापवण्याच्या बाबतीत हा परिणाम बचतीचा काही भाग खातो, सगळी बचत नाही. शिवाय थंडीत कुडकुडणारे कुटुंब थोडे उबदार राहू लागले, तर त्याला निव्वळ तोटा म्हणता येणार नाही.

गॅस स्वस्त असताना सर्वांत मोठे नुकसान होते ते हुकलेल्या संधींचे. भिंत उभी राहताना तिच्यात उष्णतारोधक थर घालायला फार खर्च येत नाही. तीच भिंत दहा वर्षांनी फोडून थर घालायचा तर खर्च कित्येक पटींनी वाढतो. भट्टी, बॉयलर, खिडक्या यांचेही तसेच. बदलण्याची वेळ आली की चांगले साधन घेण्यासाठी फक्त फरकाची रक्कम मोजावी लागते. वेळ हुकली की पंधरा-वीस वर्षे थांबावे लागते. भाड्याच्या घरात अडचण दुहेरी असते: साधन मालक विकत घेतो, बिल भाडेकरू भरतो. भाव स्वस्त असले की मालकावरचा उरलासुरला दबावही जातो. इमारतींची आणि उपकरणांची किमान मानके स्वस्ताईच्या काळातही चालू ठेवण्यामागे हेच कारण आहे.

या हिशेबाचा धागा महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंतही येतो. गेल या भारतीय कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये सेबिन पासमधून वर्षाला ३५ लाख टन द्रवरूप गॅस वीस वर्षे घेण्याचा करार केला. किंमत हेन्री हबच्या भावाच्या ११५ टक्के अधिक तीन डॉलर, आणि वर जहाजाचे भाडे. या कराराचे पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या टर्मिनलवर लागले. हेन्री हबवर २.५ डॉलरचा गॅस या सूत्राने जहाजावर चढेपर्यंतच सुमारे ५.९ डॉलरचा होतो. तिथला भाव ८.८६ असेल तर १३ डॉलरच्या वर जातो. त्यामुळे भारतात अशा आयात गॅसच्या बचतीचे मोल अमेरिकेपेक्षा चढे राहते, आणि गॅसवरील अनेक वीज केंद्रे परवडणाऱ्या गॅसअभावी बराच काळ थंड असतात. अमेरिकेतील घरांनी वाचवलेला गॅस आता निर्यातीला मोकळा होतो, तेव्हा तिथल्या बचतीचा भाव इथल्या खरेदीलाही थोडाफार लागू पडतो.

या सगळ्याचा व्यवहारातला निष्कर्ष उपायागणिक वेगळा आहे. फटी बुजवणे, एलईडी दिवे, थर्मोस्टॅटची योग्य मांडणी असे अल्पखर्ची उपाय गॅस कितीही स्वस्त झाला तरी परवडतात. नवे बांधकाम आणि मुदत संपलेली उपकरणे येथे निर्णय साधनाच्या पूर्ण आयुष्यावर, भावाच्या एका पट्ट्यावर आणि टाळलेल्या सर्व खर्चावर घ्यावा लागतो. तसा घेतला तर बहुतेकदा बचतीचा पर्याय टिकतो. चांगल्या चालत्या खिडक्या काढून नव्या बसवण्यासारखे महागडे उपाय केवळ इंधनाच्या पैशात स्वस्त गॅसच्या काळात वसूल होत नाहीत. त्यांना आरोग्य, आराम किंवा हवामान यांपैकी दुसरे कारण लागते. कोणता उपाय कोणत्या गटात पडतो हे ठरवायला बाजारभावाबरोबर साधनाचे आयुष्य, मागणीची वेळ, पुरवठ्याच्या जाळ्याची स्थिती आणि प्रत्यक्ष मोजलेली बचत, अंदाजलेली नव्हे, एवढी माहिती हाताशी असावी लागते.